निर्गुडी, माझा पाय आणि सातवी

मी पायाळू आहे. जन्माला येताना सगळ्यांची डोकी आधी येतात, माझे पाय आधी आले. भागूबाई सुईणीनं मला पायांना धरून जगात ओढून काढलं. तेव्हापासून गावात कोणाची पाठ धरली, कंबरेत उसण भरली, की तो मनुष्य कण्हत कण्हत आमच्या अंगणात येतो, माझ्याकडे पाठ करून उभा राहतो आणि म्हणतो, "मार गं बाय लाथ."

पायाळूची लाथ बसली की उसण पळते, असं सगळे मानतात. लाथ डाव्या पायाची, हळू, न बोलता. ते "न बोलता" मला भारी जड जातं, पण मारते बापडी.

आता मी सहावीत आहे. मला त्रैराशिक येतं, हिंदुस्थानचा नकाशा न बघता काढता येतो. पण गावात कोणी म्हणतं का, सुंदरा हुशार आहे? नाही. म्हणतात, मालोजीची लाथवाली. दिवाळीच्या आधी एकदा सकाळी मी राखुंडीनं दात घासत होते, तर येसूमामा दारात हजर. पाठ करून उभाच.

"थांब की रं मामा," मी म्हटलं, "तोंड तर धुऊ दे."

"तोंडाचं काय काम हाय? पाय धुतलास नव्हं?"

हे असं! म्हणून दिवाळीनंतर मी ठरवलं की पुरे झालं. पायानं नाही, डोक्यानं नाव काढायचं. भागूबाईकडे जायचं आणि झाडपाल्याची औषधं शिकायची.

भागूबाई गावात सगळ्यांना अरे-तुरे करते, कारण जवळपास सगळ्यांना तिनंच बाहेर काढलंय. ती म्हणाली, "शिकवीन. पन आदी कबूल कर, येसाजीची पाठ माज्या निर्गुडीनं बरी झाली. तुज्या पायानं नाय."

मी तत्काळ कबूल केलं. मला तेच तर हवं होतं!

मग मी शिकले. खोकल्याला अडुळसा, तापाला गुळवेल, पोट बिघडलं तर कुड्याची साल, आणि धरलेल्या अंगाला निर्गुडी. निर्गुडी आमच्या ओढ्याकाठी माजलेली आहे. पानं चुरगाळली की असा उग्र वास येतो की शेळीसुद्धा तोंड फिरवते. पाला तव्यावर गरम करायचा, फडक्यात बांधायचा, वर तिळाचं तेल, आणि शेकायचं. शिकलेलं सगळं मी घरी करून बघितलं. बाबा घोरतात म्हणून त्यांना अडुळशाचा काढा दिला. घोरणं थांबलं नाही, पण मी वाटी घेऊन आले की बाबा जागे असले तरी घोरायला लागतात.

असं सगळं मजेत चाललं असतं, पण सातवीचं घोडं अडलं होतं. आमच्या शाळेत सहावीपर्यंतच वर्ग. सातवी कर्जतला, म्हणजे उल्हास नदीच्या पलीकडे. पावसाळ्यात नदी अशी फुगते की म्हशीसुद्धा काठावरून परत फिरतात. बाबांनी सांगून टाकलं होतं, "नदीपार एकटी पोर धाडनार नाय. सहावी झाली की बस झालं." आणि आई चौक गावच्या एका स्थळाबद्दल माझ्यादेखत इतकं हळू बोलायला लागली होती की मला शब्द न् शब्द ऐकू यायचा.

गुरुजींनी लोकल बोर्डाकडे मागणी केली होती की सातवीचा वर्ग इथेच काढा. ती मान्य करायची की नाही हे बघायला शाळा तपासणारे डिपुटीसाहेब सोमवारी येणार होते. ते हो म्हणाले तर जूनपासून मी सातवीत. नाही म्हणाले तर पुस्तकं माळ्यावर आणि मी चौकला.

शनिवारी सकाळी गुरुजींनी मैदानात कवायत घेतली. साहेबांना दाखवायची म्हणून ती झोकात व्हायला हवी होती. गुरुजी समोर उभे राहून ओरडले, "पुढे... वाका!"

आम्ही सगळे वाकलो. गुरुजीही वाकले. आणि मग काहीच नाही. "सरळ" असा हुकूम येईना. आम्ही आपले वाकलेलेच. शिस्तच तशी होती ना! रक्त डोक्यात उतरलं, शेजारची रडायला आली. शेवटी मी वाकूनच मान वर केली, तर गुरुजी माझ्याकडे बघत होते. तोंड लाल, डोळ्यांत पाणी.

"सुंदरा," ते हळूच म्हणाले, "मला सरळ होता येत नाही."

पाच मिनिटांत गाव मैदानात. गुरुजी तसेच काटकोनात उभे, आणि भोवती लोकांचा गलका.

"वारा धरलाय."

"नजर लागलीय. नवा कोट घातला व्हता काल."

"आरं, पायाळू हितंच हुभी हाय की! मार गं सुंदरे!"

येसूमामानं मला पुढे ढकललं. मी बघितलं, गुरुजींची पाठ कशी सोयीची! पण गुरुजींना लाथ? ज्यांनी मला अक्षर शिकवलं त्यांना? माझा पायच उचलेना. आणि गुरुजीही जमिनीकडे बघत ओरडले, "खबरदार! हे शास्त्रात बसत नाही!"

"शास्त्र ऱ्हाऊ दे, तू तरी कुठं बसतोस? तुला बसताबी येत नाय," भागूबाई गर्दीतून घुसत म्हणाली. "सुंदरे, बघतीस काय? पाला आन."

मी धावले. वा! हीच तर संधी! शाळेच्या ओसरीवर चूल पेटवली, तवा ठेवला, गुरुजींना बाकावर पालथं घातलं. पालथं म्हणजे काय, पोट बाकावर आणि पाय खाली लोंबते. मी निर्गुडीनं शेकायला बसले. मला एक कल्पना सुचली. फळ्याजवळ लाकडी कोनमापक टांगलेला होता, तो आणून मी गुरुजींना उभं केल्यावर त्यांच्या कंबरेला लावला.

"किती?" गुरुजींनी विचारलं. ते गणिताचेच गुरुजी.

"नव्वद."

रविवारी संध्याकाळी एकशेवीस झाले. गुरुजी इतके खूश झाले की विशालकोनात उभे राहूनच त्यांनी माझी पाठ थोपटल्यासारखं केलं, पण हात पोचला माझ्या गुडघ्यापर्यंत. लाथ नाही, काही नाही, निव्वळ निर्गुडी! मी गावभर सांगत सुटले. येसूमामा म्हणाला, "तू शेकताना तुजा पाय लागला आसंल त्यांना." काय करावं अशा माणसाचं?

सोमवारी बाबा साहेबांना आणायला बैलगाडी घेऊन कर्जत ठेसनावर गेले. आम्ही रांगेत उभे. गुरुजी दाराच्या चौकटीला धरून, जरा नमस्कार केल्यासारखे, पुढे झुकलेले. लांबून बघणाऱ्याला वाटावं, फार विनयी मनुष्य आहे.

गाडी आली. आमचा रस्ता कसा आहे म्हणाल, तर गुडघाभर पाण्यातली उल्हास, मग भाताचे बांध, ओढ्याचं गोटे भरलेलं पात्र, मग पुन्हा बांध. साहेब म्हणजे पुण्याकडचे गृहस्थ, काळी टोपी, लांब कोट, गोरे गोरे. गाडी थांबली. साहेबांनी उतरायला एक पाय खाली टाकला आणि "अगं आई गं!" म्हणून तिथेच अडकले. एक पाय गाडीत, एक हवेत, कंबर डावीकडे.

कोणी हलेना. मग आमच्या रांगेतली सगळी मुलं, शनिवारपासून शिकवलेली, हळूहळू डावीकडे वाकली. त्यांना वाटलं नवी कवायत आहे.

गुरुजी पुढे झुकलेले, साहेब बाजूला झुकलेले. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला, तेव्हा त्यांची डोकी आपटता आपटता वाचली.

"आपलीही का?" साहेबांनी विचारलं.

"माझीही," गुरुजी म्हणाले. "पण माझी एकशेतीसवर आलीय."

साहेबांना काही कळलं नाही, पण त्यांना उचलून शाळेतल्या एकुलत्या एका टेबलावर पालथं ठेवलं गेलं. भागूबाईनं पदर खोचला.

"बाई, मी डिपुटी आहे," साहेब टेबलाला तोंड लावून म्हणाले. "मला तपासणी करायची आहे. संध्याकाळची गाडी गाठायचीय."

"कर की तपासनी. तोंड कुठं धरलंय तुजं? कंबार धरलीय. हालू नको."

सुंठ, ओवा आणि काडेचिराईत घालून उकळलेला काढा तिनं साहेबांच्या घशात ओतला. काडेचिराईत किती कडू असतं ते ज्याला माहीत आहे त्यालाच साहेबांचा चेहरा कळेल. एकदम सुकलेल्या कैरीसारखा झाला. मग ती मला म्हणाली, "शेक," आणि चुलीपाशी तवा बघायला बसली.

मी शेकायला लागले. साहेबांनी टेबलाच्या कडेवरून खालच्या जमिनीला विचारलं, "सह्याद्रीत उगम पावून पूर्वेकडे वाहणाऱ्या नद्या कोण सांगेल?"

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. झोपलेल्या माणसाला उत्तर द्यायचं की नाही, हेच कोणाला कळेना.

"गोदावरी, भीमा, कृष्णा," मी म्हटलं आणि पोटली फिरवली.

"हां... जरा उजवीकडे. नाही, नद्या बरोबर आहेत, शेक उजवीकडे. आणि पश्चिमेकडे?"

"उल्हास, पाताळगंगा, सावित्री. उल्हास तर आमच्या दारातच आहे साहेब, पावसाळ्यात ती ओलांडून कर्जतला सातवीला जाता येत नाही."

"हूं. एका रुपयाला सोळा शेर... ढेर्र!" काढा बोलायला लागला होता. "माफ करा. एका रुपयाला सोळा शेर भात, तर..."

"सव्वापाच रुपयांना चौऱ्याऐंशी," मी सांगून टाकलं.

"मी अजून विचारलं कुठे?"

"नेहमी सव्वापाचच विचारतात साहेब."

साहेब टेबलावर हसले आणि कळ आली म्हणून ओरडले. "हे सगळं एकच मुलगी सांगतेय काय हो?" त्यांनी विचारलं. त्यांना दिसत तर काहीच नव्हतं.

"एकच," गुरुजी म्हणाले. "अशांसाठीच सातवी हवी साहेब."

"बघू, बघू. सवडीनं बघू."

हे "बघू" मला चांगलंच ठाऊक आहे. आमच्या घरात नव्या परकराचं गेली दोन वर्षं "बघू"च चाललंय. शेकण्याचा माझा हात जरा जोरात पडला असेल, कारण साहेब म्हणाले, "पोळतंय, पोळतंय!"

दुपार कलली. साहेब उभे राहिले खरे, पण डाव्या अंगाला कलून. आगगाडीची वेळ होत आली. साहेब घाबरले. इकडे तिकडे बघून आवाज खाली आणून म्हणाले, "गावात कोणी... म्हणजे मी मानत नाही हं असलं काही... पण गावात कोणी पायाळू आहे का? आमच्या सासवडला एक म्हातारी होती."

सगळं गाव माझ्याकडे वळलं. येसूमामाच्या चेहऱ्यावर तर दिवाळीच होती.

बघा आता! एवढं शिकले, एवढं शेकलं, एवढ्या नद्या वाहवल्या, आणि शेवटी सगळे पायाशीच! मी भागूबाईकडे बघितलं. तिनं तोंड फिरवलं. मी गुरुजींकडे बघितलं. ते एकशेतीस अंशांत उभे राहून छपराकडे बघायचा प्रयत्न करत होते, पण त्यांना भिंतच दिसत होती.

मग मला सुचलं. मी साहेबांना पुन्हा पालथं पडायला सांगितलं. नवी कढत पोटली घेतली, तेल लावलं, साहेबांच्या कंबरेवर ठेवली, टेबलाजवळ बाक ओढला, त्यावर चढले, आणि पोटलीवर डावा पाय ठेवून दाबला. लाथही झाली, शेकही झाला. न बोलता. माझं आयुष्यातलं सगळ्यात लांब गप्प बसणं.

"कट्" असा आवाज आला. टेबलाचा की साहेबांचा ते कळलं नाही. साहेब उठले. सरळ! काठीसारखे सरळ! टोपी घातली, दोन पावलं चालले, चक्क उडी मारून बघितली.

"पोरीचा पाय!" येसूमामा ओरडला.

"पाय गेला उडत! माजी निर्गुडी!" भागूबाई त्याच्या अंगावर धावली. "पाय तर पोरगी रोज टाकती, भुई सरळ झाली का त्यानं?"

"मग काल मास्तर का नाय सरळ झाला तुज्या निर्गुडीनं?"

"त्याचं हाड शिकलेलं हाय, येळ लागतो!"

या भांडणात साहेब खुशीत निघाले. गुरुजींनी पुन्हा सातवीचं काढलं, तर साहेब म्हणाले, "बघू हो, वरती विचारतो. फार अडचणी असतात." आणि गाडीत चढता चढता थबकले. आमचा रस्ता त्यांना आठवला असावा. "ए मुली, तू ठेसनापर्यंत चल. ती पोटली घे बरोबर."

मी मडक्यात निखारे घेतले, वर मातीची पसरट तवली, तवलीत पाला, आणि गाडीत चढले. बाबांनी बैल हाकले. मी मागे बसून विचार करत होते की संपलं, आता चौक. इतक्यात दाणकन् गाडी उडाली.

"अरे अरे! दगड!" साहेब ओरडले.

"व्हय साहेब, दगडच," बाबा शांतपणे म्हणाले. "आमच्या हितं लई."

मी पोटली लावली. पुढे एक सपाट चाकोरी होती, रोज आम्ही त्याच चाकोरीनं जातो. बाबांनी बैलांचा कासरा ओढला आणि गाडी चाकोरी सोडून थेट बांधावर घातली. मी बाबांच्या पाठीकडे बघत राहिले. बाबा? माझे बाबा, जे बैलाच्या खुराला खडा लागला तर स्वतः कळवळतात, ते?

"मालोजीराव, जरा हळू," साहेब गाडीच्या कडेच्या फळीला धरून म्हणाले.

"हळूच हाय साहेब. एक इचारू का?"

"विचारा."

"ही माजी पोर. गावात पायाळू हीच एक. औषद बी शिकलीया. आता सहावी झाली की घरात बसून काय करंल? लगीन लावून देनार चौकला. मंग पुढच्या साली तुमी तपासनीला आलात..." इथे गाडी ओढ्यात उतरली, दाण, दाण, दाण, "...आनि तुमची पाठ धरली, तर बघनार कोन?"

साहेबांनी कंबर दोन्ही हातांनी धरली. त्यांना बोलताच येत नव्हतं, दात वाजत होते.

"लाथ मार गं, लाथ!" शेवटी ते ओरडले.

"चालत्या गाडीत नको साहेब," मी म्हटलं. "तुम्ही ओढ्यात पडाल."

"मग शेक तरी!"

मी शेकलं. शेकताना मी सातवीचा स काढला नाही. मी फक्त म्हटलं, "साहेब, अजून पलीकडचा चढ यायचाय. त्याला आम्ही हाडमोड्या म्हणतो." हे नाव मी तिथल्या तिथे ठेवलं होतं.

"हाडमोड्या?" साहेबांनी चढाकडे बघितलं. बाबांनी कासरा सैल सोडला. बैलांना बरोबर कळतं, ते पळायलाच लागले.

"मी वरती जोरदार शिफारस करीन!" साहेब म्हणाले.

दाणकन्.

"म्हणजे मिळेलच असं धरून चाला!"

दाणकन्.

"अहो, मंजूर! मंजूर! माझ्याच अधिकारात आहे ते! जूनपासून सातवी! पण गाडी थांबवा!"

बाबांनी "हो हो" करून बैल थांबवले. खाली उतरले, बैलांना पाणी दाखवलं, चाकं तपासल्यासारखं केलं. मग गाडी चाकोरीत घातली आणि अशी नेली, अशी नेली की तवलीतला पाला हलला नाही. साहेब ठेसनापर्यंत डुलक्या घेत गेले. आगगाडीत चढताना त्यांनी माझी पोटली मागून घेतली, ती पुण्यापर्यंत कोटाच्या आत धरून जाणार होते. म्हणाले, "मुली, सातवीत पहिला नंबर यायला पाहिजे हं. आणि पाला कोणता म्हणालीस?"

"निर्गुडी."

"निर्गुडीच," ते म्हणाले. मग खिडकीतून हळूच, "आणि पाय सांभाळ."

येताना अंधारून आलं होतं. मला इतका आनंद झाला होता की मी एकटीच दहा जणींएवढी बोलत होते. सातवीत काय काय असतं, बीजगणित असतं, फायनलची परीक्षा असते, मग मास्तरीणसुद्धा होता येतं. बाबा नुसते हूं हूं करत होते.

मी विचारलं, "बाबा, तुम्हीच तर म्हणत होता, सहावी झाली की बस झालं?"

"म्हनत हुतो," बाबा म्हणाले. "नदीपार नको म्हनत हुतो. हितल्या हितं कोन नको म्हनलं?" थोडं पुढे गेल्यावर पुन्हा म्हणाले, "आनि त्येला शेकताना सव्वापाच रुपयाचं सांगितलंस, ते बराबर हुतं?"

"बरोबर होतं."

"मला वाटलंच."

बैलांच्या घंटा वाजत होत्या. थोड्या वेळानं बाबांनी विचारलं, "सातवीच्या म्होरं काय आसतं गं?"

"इंग्रजी शाळा. ती आपल्या गावात काढायची तर फार मोठा साहेब यावा लागेल. डिपुटीच्याही वरचा."

बाबांनी जरा विचार केला, डावीकडच्या बांधाकडे एक नजर टाकली.

"येऊ दे," ते म्हणाले. "रस्ता हाय तसाच ठिवू."